एकेचाळीस कागदांची पाठ

जुने फोटो वाचवण्याचं काम करते, असं मी सांगितलं की समोरचा माणूस दोनपैकी एक प्रश्न विचारतो. यात रंग भरता येतील का, किंवा यातून अमुक माणूस काढून टाकता येईल का. आयर्लंडच्या पश्चिम टोकाच्या कासलबारहून एक गृहस्थ तीन तास गाडी चालवत आले होते. हातात लग्नाचा ग्रुप फोटो. त्यातल्या मेव्हण्याला काढा म्हणाले, कारण त्याने पुढे जमिनीच्या वाटणीत दगा दिला होता. आम्ही माणसं काढत नाही, फक्त डाग काढतो, असं मी त्यांना जरा तोऱ्यातच सांगितलं. आज ते वाक्य आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

डब्लिनच्या पश्चिमेला मेनूथ नावाचं विद्यापीठाचं गाव आहे. तिथे एका गल्लीत डेक्लनची कार्यशाळा होती. दोन खोल्या, एक मोठं सिंक, एक प्रकाशाचं टेबल आणि सदैव ओला असणारा मागचा दरवाजा. डेक्लन म्हणजे मालक. पन्नाशीचा, हाताने अतिशय सफाईदार आणि बाकी सगळ्या बाबतीत ढिला. काहीही विचारलं तरी 'ग्रँड' म्हणायचा. काम छान झालं तरी ग्रँड, छत गळलं तरी ग्रँड.

मी २००० साली नवऱ्याच्या मागोमाग आयर्लंडला आले. शिरीष चिपच्या कारखान्यात इंजिनियर. पुण्यात मी एका संग्रहालयाच्या फोटो विभागात सात वर्षं काचेच्या जुन्या निगेटिव्ह धूत, जोडत काढली होती. इथे आल्यावर कळलं की नवऱ्याला परमिट आहे म्हणून बायकोला काम करता येतं असं नाही. तिला तिचं वेगळं परमिट हवं, ते मालकाने मागायचं, आणि ते असतंही मालकाच्याच हातात. तीन वर्षं मी लूकनच्या भाड्याच्या घरात खिडकीत बसून शेजारणीचे कपडे वाळताना पाहिले. बाकीच्या मराठी बायका भिशी करायच्या, नवे पदार्थ करायच्या, मजेत असायच्या. मला ते जमलं नाही. मी त्या तीन वर्षांत इतकी चिडकी झाले होते की शिरीष घरी यायच्या आधी गाडीत दहा मिनिटं बसून राहायचा. हे त्याने मला नंतर सांगितलं.

२००३ मध्ये डेक्लनने परमिटचा अर्ज भरला, कारण त्याच्याकडे एक पेटी आली होती आणि ती हाताळू शकेल असं दुसरं कुणी त्याला मिळत नव्हतं. दर वर्षी ऑगस्टमध्ये ते परमिट नवं करावं लागे. डेक्लनची सही झाली तर मी माणसांत, नाही तर पुन्हा खिडकीत. पुढचं सगळं या एका गोष्टीवर बेतलेलं आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते.

पेटी मिसेस हार्टनी नावाच्या ऐंशी वर्षांच्या बाईंची. किल्डेअरमध्ये त्यांचं मोठं, थंडगार, अर्धं बंद ठेवलेलं घर होतं. त्यांचे पणजोबा कॅप्टन हार्टनी कंपनी सरकारच्या फौजेत होते आणि दीडशे वर्षांपूर्वी दख्खनमध्ये कॅमेरा घेऊन हिंडले होते. पेटीत चौसष्ट कागद होते, प्रत्येकाच्या पाकिटावर इंग्रजीत आकडा घातलेला, एक ते चौसष्ट. बाई म्हणाल्या, हे सगळे ताजमहालाचे आहेत. मी पहिला कागद टेबलावर ठेवून खालून दिवा लावला आणि म्हटलं, हे विजापूर आहे. आठवीच्या सहलीत मी गोल घुमटात 'शिरीष' असं नाही, पण दुसऱ्याच एका मुलाचं नाव ओरडले होते आणि ते पुन्हा पुन्हा ऐकू आल्याबद्दल शाळेच्या बाईंचा मार खाल्ला होता. तो घुमट मी उलट्या रंगातही ओळखणारच. डेक्लनने माझ्याकडे अशा कौतुकाने पाहिलं की त्या दिवशी मी घरी जाऊन पुरणपोळ्या केल्या.

या कागदांबद्दल थोडं सांगायला हवं. त्या काळी काचेआधी आणि काचेबरोबरही कागदाच्या निगेटिव्ह करत. चांगला पातळ कागद घ्यायचा, तो मेणात भिजवायचा, त्यावर चांदीच्या क्षाराचा थर द्यायचा आणि कॅमेऱ्यात घालायचा. काचेपेक्षा हलका, बैलगाडीत फुटत नाही, आणि आधी करून ठेवला तरी चालतो. उन्हातून फिरणाऱ्या माणसाला हेच बरं. कॅमेऱ्याचं तोंड उघडं ठेवायचं ते दहा-पंधरा मिनिटं. तेवढ्यात जो हलला तो चित्रात उमटत नाही. जामी मशिदीच्या चौकाचं एक चित्र होतं, भर दिवसाचं. तिथे तेव्हा माणसं येत-जात असणारच, पण कागदावर फक्त कमानीखाली झोपलेला एक म्हातारा आणि त्याच्या पायाशी शेळी. आकाश तर कधीच नीट येत नसे, डागाळायचं. म्हणून कागदाच्या पाठीमागून आकाशावर काळी शाई भरत, म्हणजे छाप काढल्यावर ते स्वच्छ पांढरं दिसे. घुमटाच्या कडेने, मिनाराच्या कळसाभोवतीने ब्रश फिरवून इतक्या बारकाईने शाई भरलेली असे की मी तासन्‌तास ती कडच बघत बसायची. ज्याने कुणी भरली त्याचा हात माझ्याहून चांगला होता, आणि हे मी सहसा कुणाबद्दल म्हणत नाही.

डेक्लनला या सगळ्याच्या नव्या छापा काढून डब्लिनमध्ये प्रदर्शन करायचं होतं. छाप काढायची तर उजेड कागदातून आरपार जायला हवा. पाठीवर धूळ, बोटांचे ठसे, पेन्सिलीच्या रेघा असतील तर त्या चित्रात उतरतात. म्हणून माझं काम ठरलं: आकाशाची शाई सोडून बाकीची पाठ साफ करायची. मऊ खोडरबराचा कीस बोटाने गोल फिरवायचा, ब्रशने झटकायचा, पुन्हा फिरवायचा. एका कागदाला दोन दिवस. आणि प्रत्येक कागदाचा एक फॉर्म. कागदाचं माप, फाटलेल्या कडा, डाग, आणि एक रकाना 'लिखाण'. काही लिहिलेलं सापडलं तर तिथे उतरवून घ्यायचं, त्याचा फोटो काढायचा, आणि मगच पुढे जायचं. नियम चांगला होता. मोडला तो मी.

पहिल्याच कागदाच्या पाठीवर, खालच्या कडेला, पेन्सिलीची एक लांब आडवी रेघ होती आणि तिला लटकलेली बरीचशी वेडीवाकडी गिचमीड. पुसट, मेणात अर्धी बुडालेली. डेक्लन भिंग घेऊन वाकला आणि त्याने मला सरळ विचारलं, हे लिखाण आहे का, तुमच्याकडचं काही? मी पाहिलं. इंग्रजी नव्हतं. देवनागरी नव्हतं. उर्दूही वाटेना. मी म्हटलं, नाही, पेन्सिल चालते का ते पाहिलं असेल, नाही तर घरातल्या पोरांनी गिरगटलं असेल. किती खात्रीने म्हटलं! हिंदुस्थानातली तज्ज्ञ बाई म्हणते आहे म्हटल्यावर तो कशाला शंका घेईल? म्हणाला, ग्रँड, काढून टाक.

रकान्यात मी लिहिलं, 'नाही'. खाली सही केली.

बहुतेक सगळ्या कागदांवर तशी एखादी ओळ होती, कुठे दोन. मी ती सगळी काढली. पावणेदोन वर्षांत एकेचाळीस कागद. मधे बाकीची गिऱ्हाईकंही होती, नाही तर अजून झाले असते. इतकं स्वच्छ काम मी आयुष्यात केलं नव्हतं. डेक्लन येणाऱ्या-जाणाऱ्याला एखादा कागद उजेडावर धरून दाखवायचा आणि मी शेजारी उभी राहून फुगायची.

२००५ च्या उन्हाळ्यात आप्पा आले. आप्पा म्हणजे माझे वडील. सातारा जिल्ह्यात भूमी अभिलेखच्या कचेरीत चौतीस वर्षं नोकरी केली, त्यातली बरीचशी जुन्या कागदांच्या खोलीत. आयर्लंडमध्ये त्यांना काहीच आवडलं नाही. ऊन नाही, भाकरीचं पीठ बरं नाही, आणि नात, म्हणजे आमची मुलगी, मराठीत विचारलेल्याला इंग्रजीत उत्तर देते. दिवसभर बसून कंटाळतात म्हणून एका शनिवारी मी त्यांना कार्यशाळेत घेऊन गेले. डेक्लनने त्यांच्याशी हात मिळवला, चहा केला आणि तो दुपारपुरता कुणाकडे तरी एक मोठी फ्रेम पोचवायला निघून गेला.

बेचाळिसावा कागद टेबलावर होता, अजून हात न लावलेला. इब्राहिम रोजा, विजापूरच्या एका सुलतानाची कबर. दगडात कोरलेल्या जाळीदार खिडकीचं जवळून घेतलेलं चित्र, तिरक्या उन्हात. मी आप्पांना ते उलटं-सुलटं समजावत होते. त्यांचं लक्ष चित्राकडे नव्हतंच. त्यांनी चष्मा बदलला, कागदाच्या खालच्या कडेशी मान वाकडी केली आणि साताऱ्याच्या कचेरीत वाचायचे तसं, कसलाही चढउतार न करता वाचून काढलं.

"इब्राहिम रोजा, उत्तर बाजू. दिवस दोन प्रहर ढळता. ऊन डावे अंगास. साहेब तापाने पडले. तसबीर काढणार मजकूर."

मी वाकून ती गिचमीड पुन्हा पाहिली. आप्पा म्हणाले, "मोडी हाय की गं. हात चांगला हाय. कारकुनाचाच."

मोडी. माझ्या घरातली मोडी. आप्पा रविवारी लोकांचे जमिनीचे जुने कागद घरी आणून उतरवून द्यायचे. सहावीच्या मे महिन्यात त्यांनी मला पाटावर बसवून शिकवायला घेतली होती. आधी रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं लटकवायची, हात न उचलता. मी तीन दिवस बसले आणि चौथ्या दिवशी मैत्रिणीकडे पळाले. याचा मला काय उपयोग, असं विचारल्याचंही आठवतं. आप्पांचे कागद बोरूने लिहिलेले, जाड शाईचे असत आणि हे पुसट पेन्सिलीचं होतं, म्हणून ओळखू आलं नाही, ही सबब मी स्वतःला बरीच वर्षं दिली. सबबच ती. लांब रेघ आणि खाली लटकलेली अक्षरं. बापाने तीन दिवस नेमकं तेवढंच तर शिकवलं होतं.

मग आम्ही उरलेले सगळे कागद काढले, बेचाळीस ते चौसष्ट. आप्पा वाचत गेले, मी लिहून घेत गेले. जागा, वेळ, ऊन कुठून, तोंड किती वेळ उघडं ठेवलं. आणि शेवटी दोनपैकी एक. 'काढणार साहेब' किंवा 'काढणार मजकूर'. तेवीसपैकी सहा साहेबांचे निघाले. सतरा 'मजकूर'चे. साहेबांची सहाही लांबून घेतलेली, घुमट बरोब्बर मधोमध, सरकारी नकाशासारखी. जी पाहून माझा श्वास अडकायचा ती सगळी दुसऱ्याची. छज्जाखाली लटकणाऱ्या कोरीव दगडी साखळ्यांजवळ जाऊन, तिरक्या उन्हाची वाट बघत थांबून काढलेली.

"मजकूर म्हणजे कोण?" मी विचारलं.

"म्हंजे वर ज्याचं नाव आलंय त्योच. कचेरीची रीतच हाय ती. पयल्या कागदावर नाव, बापाचं नाव, गाव, समदं लिवायचं. फुडं दर वक्ताला कोन लिवत बसतंय? नुसतं मजकूर." त्यांनी हात पुढे केला. "पयला कागद काढ."

मी पहिला कागद काढून दिला. आप्पांनी तो उजेडावर धरला, तिरपा केला, उलटा केला. "हितं तर काय न्हाई."

मी सांगितलं. मीच पुसलं म्हणून सांगितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "किती?" मी म्हटलं, एकेचाळीस. ते स्टुलावर बसले आणि गार झालेला चहा प्यायले.

त्यानंतर मी बॅटरी आणली, बाजूने प्रकाश टाकून पहिल्या कागदाची पाठ बोटभर बोटभर तपासली. पेन्सिल दाबून लिहिली असेल तर कागदावर खाच राहते, रेघ गेली तरी खाच दिसते. एके ठिकाणी 'रा' किंवा 'बा' सारखं काही आहे असं आप्पांना वाटलं, आणि लगेच वाटेनासं झालं. मी काम चोख केलं होतं. आता उपाय एकच होता. मोठ्या प्रयोगशाळेत वेगळ्या प्रकाशात, वेगळ्या कॅमेऱ्याने असं पुसलेलं कधी कधी परत दिसतं. डब्लिनमध्ये नाही, पण लंडनला अशी सोय होती. मात्र कागद तिथे पाठवायचा तर डेक्लनला आणि मिसेस हार्टनींना कारण सांगावं लागणार होतं. लिखाण होतं, मी नाही म्हणाले, आणि एकेचाळीस वेळा सही केली, हे कारण.

जुलै संपत आला होता. परमिटच्या नूतनीकरणाचा फॉर्म डेक्लनच्या टेबलावर बिनसहीचा पडला होता. शिरीषला मी घरी गेल्यावर सगळं सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "आधी रिन्यूअल होऊ दे, मग सांग. दीडशे वर्षं थांबलाय तो माणूस, एक महिना अजून थांबेल." वाईट हेतूने नाही म्हणाला. त्याला गाडीतली ती दहा मिनिटं आठवत असणार.

सोमवारी मी डेक्लनला अर्धं सांगितलं. उरलेल्या तेवीस कागदांवर जुन्या मराठी लिपीत नोंदी आहेत, माझ्या वडिलांनी वाचल्या, आणि यातली सतरा चित्रं कॅप्टनची नाहीत. त्याचे डोळे चमकले. प्रदर्शनाला नवीन गोष्ट मिळाली. मग त्याचा चेहरा हळूहळू बदलला. तो उठला, कपाटातून फायली काढल्या आणि माझे एकेचाळीस फॉर्म एकेक करून पालटले. पहिल्या कागदाशी भिंग घेऊन वाकल्याचं त्यालाही आठवलं असणार, विचारल्याचंही आठवलं असणार. हे बाहेर फुटलं तर कार्यशाळेचं नाव जाणार होतं ते त्याचंच.

"म्हणजे पहिल्या एकेचाळिसांवर काही नव्हतं," तो म्हणाला. ते विचारणं नव्हतं.

"नव्हतं," मी म्हटलं.

"ग्रँड."

त्याने माझा परमिटचा फॉर्म पुढे ओढला, सही केली आणि मला दिला. आम्ही दोघं त्या विषयावर पुन्हा एक अक्षर बोललो नाही. एक महिना म्हणता म्हणता मग मीही थांबतच गेले. पुढच्या ऑगस्टमध्ये पुन्हा फॉर्म होताच.

सप्टेंबरमध्ये प्रदर्शन झालं. पांढऱ्या भिंतींवर काळ्या चौकटी, वाइन, भाषणं. मिसेस हार्टनी चाकाच्या खुर्चीतून आल्या होत्या आणि पणजोबांच्या नजरेचं कौतुक करणाऱ्या प्रत्येकाचा हात हातात घेत होत्या. ज्या चित्रांपाशी गर्दी होती त्यांत पहिल्या एकेचाळिसांतलीही पुष्कळ होती. जवळून घेतलेली, तिरक्या उन्हातली. कुणाच्या हातची ते मला बघताक्षणी कळत होतं. कळून उपयोग नव्हता, कागदावर पुरावा नव्हता. माझ्याच कृपेने ती कॅप्टनची झाली होती. आप्पा माझा जुना कोट घालून भिंतीकडेने हळूहळू फिरत होते. इब्राहिम रोजाच्या खिडकीपाशी ते थांबले आणि खालच्या पट्टीवर काय लिहिलंय ते वाचून दाखव म्हणाले.

मी वाचलं. "कॅप्टन हार्टनी यांच्या संग्रहातून. छायाचित्र बहुधा एका अज्ञात स्थानिक मदतनिसाचे."

"अज्ञात?"

"नाव माहीत नाही म्हणून तसं लिहितात, आप्पा."

आप्पांनी त्या पट्टीवर बोट टेकवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "नाव म्हाईत न्हाई असं कसं, सुमे? त्यानं लिवलं हुतं की."

ते दहा दिवसांनी परत गेले, आणि दोन वर्षांनी वारले. या विषयावर फोनवरही कधी बोलले नाहीत. मिसेस हार्टनी त्यांच्याही आधी गेल्या. २००७ मध्ये त्यांच्या पुतण्याने घर विकायला काढलं तेव्हा पेटीही विकली. कुणाला, ते मी शोधायचा प्रयत्न केला, पण खरं सांगायचं तर फार उशिरा आणि फार हळू केला. डेक्लननेही पुढे कार्यशाळा बंद केली. मला तोवर दुसरीकडे काम मिळालं होतं, पुढे नागरिकत्वही मिळालं. तीस वर्षांच्या नोकरीत मी हजारो चेहरे डागांखालून वर काढले. लोक रडत येऊन हात हातात घ्यायचे. त्यातला एकही मला त्या एका माणसाच्या बदल्यात जमेस धरता येत नाही.

पेटीबरोबर माझी फाइलही गेली. नियमच आहे तसा, कागदासोबत त्याच्या उपचाराची नोंद जाते. म्हणजे जगात कुठेतरी कुणाच्या तरी कपाटात ते एकेचाळीस फॉर्म सुखरूप आहेत. लिखाण: नाही. खाली माझं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, स्वच्छ इंग्रजी अक्षरांत. ते मात्र कुणालाही वाचता येतं.